सोलणारीचा वाटा

१

“डोकी आहेत गं, डोकी!” असं ओरडतच हे जिना चढले, आणि मी उत्तराला कडेवर घेऊन दाराशी धावले.

यांच्या हातात निळा कूलर होता आणि त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. पहाटेच गाडी काढून न्यूयॉर्कला, चायनाटाउनमध्ये गेले होते. झाकण उघडलं आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. मिशा, डोळे, डोक्यावरचा काटा, सगळं जागच्या जागी! करडी, चकचकीत कोळंबी. वेस्ट विंडसरला येऊन मला तिसरं वर्ष, आणि इतक्या दिवसांत इथल्या सुपरमार्केटात पाहिली ती सगळी डोकी उडवलेली, गोठून खडूसारखी झालेली. डोक्यांशिवाय सार कसलं करणार, कपाळ!

“एवढी कशाला आणलीत?”

“तो चिनी म्हातारा अख्खा बॉक्सच देतो. टेक ऑल, म्हणाला. आणि संध्याकाळी कोण येतंय ते विसरलीस? काका एकटे निम्मी संपवतील.”

विसरेन कशी? पुरुषोत्तमकाका आणि सुहासिनीकाकू पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. दोघंही डॉक्टर, पुण्याचे, इथल्या सगळ्या मराठी मंडळींत वडीलधारे. आजवर आम्हीच त्यांच्याकडे जायचो. तिथल्या बायका शिकलेल्या, त्यांच्या गप्पा वेगळ्या. मी आपली स्वैपाकघरात काकूंना हातभार लावायची. मागच्या खेपेला मी बोलून गेले, “कोळंबी करावी तर आमच्या हर्णैच्या बायकांनी,” आणि काकूंनी मला पकडलं. “बोललीस ना कांचन? आता घाल जेवायला!” तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते.

“लॅबमधल्या संजीवकडून फोल्डिंग खुर्च्या घेऊन येतो,” हे म्हणाले. “उत्तराला नेऊ का? तुला कामाला मोकळे हात.”

“नको. गाडीतल्या तिच्या सीटचा पट्टा सैल आहे.”

“अगं, मी स्वतः टाइट केलाय.”

“नको म्हटलं ना.”

“मग फ्रीजमध्ये ठेव तिला. सेफ राहील.” हसत हसत गेले.

हसू देत. माझा स्वभावच तसा. उत्तरा अडीच वर्षांची, पण तिला खाली ठेवताना मी आधी जमीन बघते. नाणं, पिन, शेंगदाणा काहीही असू शकतं. प्लग, खिडकी, जिना, खालचा पार्किंग लॉट, सगळ्यांशी माझं वैर आहे. माझा एक कान कायम तिच्याकडे असतो. ती गप्प झाली की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री तिच्या नाकाशी बोट धरून बघते. हे म्हणतात, इतकं भिऊन मूल वाढत नाही. वाढतंय की!

२

कोळंबी मला उभ्यानं सोलता येत नाही. सिंकपाशी उभं राहून नळाखाली एकेक धरायची, ही इथली तऱ्हा. मी स्वैपाकघरातल्या लिनोलियमवर शनिवारचा जाडजूड पेपर पसरला, मधोमध कोळंबीचा ढीग ओतला, शेजारी परात घेतली आणि एक गुडघा वर करून बसले. उत्तराचं प्लेपेन, तिला खेळायचा तो जाळीचा पिंजरा, ढिगाच्या पलीकडे, फ्रीजला लावून ठेवलं. म्हणजे मान वर केली की ती समोर. तिला लाकडी चमचा आणि स्टीलची वाटी दिली. टणाटण, टणाटण सुरू झालं. छान! आवाज आहे तोवर चिंता नाही.

मग हात चालू लागले. आधी डोकं मुरगळायचं, की कट् असा आवाज येतो. डोकी वेगळ्या भांड्यात, ती सारासाठी. मग पायांकडून साल फोडून काढायचं, शेवटी शेपटीचं टोक दाबलं की कोळंबी सुळकन बाहेर. पाठीवर सुरीची हलकी चीर द्यायची आणि काळा दोरा टोकाला धरून ओढायचा. तो राहिला की दाताखाली रेती लागते, आणि बाईची लाज जाते. बोटांना काटे टोचत होते, नखांत खारट पाणी जात होतं, झोंबत होतं. किती दिवसांनी झोंबलं!

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. लांब वायरचा रिसीव्हर मनगटानं उचलून खांद्याशी धरला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. काकू होत्या.

“कांचन, काय आणू? नुसतं हात हलवत यायचं म्हणजे बरं नाही दिसत.”

“काही आणू नका, काकू. भूक आणा.”

“ती आहेच. काका सकाळपासून ताक पिऊन बसलेत. आणि हे बघ, सोवळ्यातल्या माझ्या सासूबाईंना पत्रातून कळवायचं नाही हं. त्यांच्या लेखी आम्ही इथे वरणभातावर आहोत.”

मी इतकी हसले! हसताना उत्तराच्या तोंडाकडे बघत होते, ढिगाकडे लक्ष नव्हतं. ती वाटी वाजवायची थांबली होती, पण हसत होती. माझ्याकडे बघून नाही. जमिनीकडे बघून.

फोन ठेवून खाली बसले, तर ढीग उतरलेला.

३

आधी वाटलं, घसरला असेल. ओली कोळंबी पसरते. पण परातीत सोललेली कोळंबी मी सोडली होती त्याच्या दुपटीनं होती. आणि ढिगाच्या पलीकडच्या बाजूला, प्लेपेन आणि ढीग यांच्या मध्ये, पेपरवर सालांची एक वेगळी रास होती.

माझी सालं माझ्या डावीकडे. ही समोर होती. मी तिथे बसलेच नव्हते.

मी स्वतःला समजावलं. बोलत बोलत मीच हात चालवले असतील. आनंदात माणसाला काय करतोय ते कळत नाही. पण मी तर ओट्याशी उभी होते, आणि ढीग खाली जमिनीवर. बरं, फोन यायच्या आधी उत्तराला चमचा उचलून द्यायला पलीकडे गेले असेन, तिथेच चार कोळंब्या सोलल्या असतील. चार? ओंजळी भरतील एवढी सालं होती ती.

परातीतली एक उचलून पाहिली. पाठीवर चीर नव्हती. कोळंबी अखंड, आरपार स्वच्छ, आणि दोरा मात्र नाही. मी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांचा दोरा मानेच्या बाजूनं, न चिरता, सबंध काढलेला. मला हे जमत नाही. आमच्या गल्लीत एकदोघीच म्हाताऱ्या होत्या ज्यांना जमायचं. मान पिरगळतानाच टोक नखात धरायचं आणि असं सावकाश ओढायचं की मध्ये तुटता कामा नये.

तुम्ही म्हणाल, तिथेच उठून का नाही गेलीस? कशी सांगू? मला भीती वाटलीच नाही. ज्यांना मी घाबरते त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सालांच्या राशीला घाबरायचं मला सुचलं नाही. उलट छातीत असं काही धडधडायला लागलं, जत्रेच्या आदल्या दिवशी धडधडतं तसं! इतक्या दिवसांत माझ्या समोर सोलायला कुणी बसलं नव्हतं.

मी मान खाली घातली आणि एक कोळंबी उचलली. कट्.

आणि माझ्या मागोमाग, समोरून, कट्.

४

मान वर केली की काही नसायचं. ढीग, पेपर, पलीकडे जाळीतून बघणारी उत्तरा. मान खाली घातली, हाताकडे लक्ष दिलं, की सुरू. कट्. सालाची चरचर. ओली कोळंबी परातीत पडल्याचा थप् आवाज. मग पुन्हा कट्. एक्झॉस्ट फॅन बंद करून आले. आवाज नुसता जास्त स्पष्ट झाला.

आमच्याकडे होड्या भरून आल्या की एका बाईच्यानं ढीग उरकत नाही. तेव्हा कुणाला बोलवावं लागत नाही. कुणीतरी शेजारीण येते, काही न बोलता समोर बसते, गुडघा वर करते आणि सोलायला लागते. तिला पैसे द्यायचे नसतात. काम संपलं की घरच्या बाईनं म्हणायचं, “घे गं, तुझ्या हातानं घे,” आणि तोंड चुलीकडे फिरवायचं. ती काय घेते, किती घेते, बघायचं नाही. बघितलं तर ती लाजून कमी घेईल. माझी आई तर पदर तोंडावर ओढून घ्यायची. काम करणारीच्या हाताकडे बघितलं की आपलं मन लहान होतं, म्हणायची.

मी बोलायला लागले. खरंच बोलायला लागले! मान खाली घालून, हात चालवत. “अगो, आज मोठी माणसं यायचीत. सार करते, सुकं करते, भात. नारळ मिळाला, पण कोथिंबीर काय इथली, नुसतं गवत.” समोरून उत्तर येत नव्हतं, पण मी बोलले की सोलण्याचा वेग वाढायचा. ऐकणारी बाई करते तशी. मी हसले की क्षणभर थांबायचं. मला उगाच वाटलं की तिला माझं हसू आवडतंय.

“ही माझी लेक,” मी म्हटलं. “एकच. हिच्यावर माझा सगळा जीव.”

समोरचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

“उत्तरा, आवाज दे बाळा.”

“हाय!” उत्तरा म्हणाली. पण ‘हाय’ आपण नव्या माणसाला म्हणतो तसं म्हणाली.

मग पुन्हा कट्. आता भरभर. माझी एक होईतो समोरच्या किती व्हायच्या. माझे हात दमले, पण मजा येत होती. परात शिगोशीग भरली. शेवटची कोळंबी मी उचलायला गेले, तर ती जागेवर नव्हती. थप् करून परातीत पडली.

झालं! एवढा थोरला ढीग, आणि दुपारचं ऊनही अजून खिडकीतून हललं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तोंडातून आपसूक निघून गेलं, जन्मभर ऐकलेलं निघतं तसं.

“घे गं. तुझ्या हातानं घे. घरातलं काय हवं ते घे.”

आणि मी तोंड शेगडीकडे फिरवलं.

५

पेपर चुरचुरला. कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठलं. मग ओली पावलं लिनोलियमवर, चप् चप्. मी वाट बघत होते की परातीत हात जाईल, कोळंबीची चळ् अशी हालचाल होईल. आई म्हणायची त्याप्रमाणे डोळे समोर ठेवले होते.

परातीत हात गेला नाही.

पावलं दुसरीकडे गेली. प्लेपेनची जाळी ताणली की नायलॉनचा एक कुरकुर आवाज येतो. तो आला.

मग उत्तरा हसली. गुदगुल्या केल्या की हसते तशी, श्वास लागेपर्यंत. “अगेन!” म्हणाली. “अगेन, अगेन!”

मी तोंड फिरवून बसलेली. मी! जी शेंगदाण्याला घाबरते ती, लेकीकडे पाठ करून बसले होते, कारण कामाला आलेल्या बाईच्या हाताकडे बघायचं नसतं. घरातलं काय हवं ते, म्हणाले होते मी. माझ्या तोंडानं.

समोर शेगडीखाली ओव्हनचं दार, त्याला काळी काच. मी ती सकाळीच घासली होती, लखलखत होती. काचेत फ्रीज दिसत होता, प्लेपेन दिसत होतं, त्यात पाठमोरी बसलेली उत्तरा दिसत होती. आणि प्लेपेनच्या कडेवरून आत वाकलेलं एक कोपर. कोपरच. वर दंड होता की नाही, ते काचेच्या काठाबाहेर गेलं होतं. सोलताना कोपर बाहेर काढून हलवतो ना आपण, थोडं वर, थोडं खाली, तसं ते हलत होतं. सराईत. घाई नाही.

मी वळले.

कोणी नव्हतं. उत्तराच्या फ्रॉकची मागची बटणं उघडी होती. एकही तुटलं नव्हतं. आणि मानेच्या खळगीपासून कमरेपर्यंत, मणक्यावरून, बोटानं ओढलेली एक ओली, बारीक रेघ. सरळ. चीर देण्याआधी अंदाज घ्यायला ओढतो तशी.

६

मी तिला कधी उचललं मला आठवत नाही. छातीशी होती एवढं खरं. अंग गरम, श्वास नीट, “डाऊन, आई, डाऊन” म्हणत होती. मी तिची पाठ पुन्हा पुन्हा चाचपली. कातडी अखंड होती.

पळावं म्हणून दाराकडे पाहिलं. दार आणि मी यांच्या मध्ये ओल्या पावलांची रांग होती, ती माझ्याकडे तोंड करून थांबली होती.

तिचं तरी काय चुकलं होतं? तिनं काम केलं होतं. मी शब्द दिला होता. आमच्याकडे सोलणारीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, आणि दिलेलं परत मागत नाहीत. बदली देता येतं फक्त.

“ही नाही,” मी म्हटलं. आवाज कापत होता, पण आतून एक विलक्षण उकळी होती, पैज जिंकणार असल्यासारखी. “हिचं काही नको घेऊस. माझं घे. हवं तेवढं घे.”

मी उत्तराला मांडीत घेऊन शेगडीकडे तोंड करून बसले. तिच्याभोवती दोन्ही हातांची मिठी घातली. अंबाडा वर सारला, मान उघडी केली आणि या खेपेला डोळेही मिटून घेतले.

चप्. चप्. खारा वास. सकाळच्या बंदराचा.

नख थंड होतं. मानेच्या मधोमध टेकलं, थोडं डावीकडे सरकलं, थोडं उजवीकडे. टोक शोधत होतं. मला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही. सापडलं तेव्हा मलाही कळलं की सापडलं. मग ओढ सुरू झाली. सावकाश, एकसारखी, मध्ये तुटू न देता. पाठीतून निघालं, पोटातून निघालं, त्या रोजच्या गोळ्याच्या जागेतून निघालं, तळपायांतून निघालं. किती लांब होतं ते, देवा!

दारात किल्ली फिरली.

“कांचन, खुर्च्या पाचच मिळाल्या गं. अरे वा, एवढं सगळं सोलून पण झालं?”

७

जेवण असं काही झालं म्हणून सांगू! साराला लाल तवंग आला होता. काका बाह्या सारून बसले होते आणि काकू डोकी चोखून ताटाच्या कडेला रचत होत्या.

“कांचन, एक दोरा दाताखाली लागेल तर शपथ! कुणी मदत केली?”

“शेजारीण आली होती,” मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या शेजारी एक एकटा म्हातारा अमेरिकन राहतो.

मधेच उत्तरा खुर्चीवर चढली, खुर्चीवरून खिडकीच्या कठड्यावर. खिडकी उघडी होती. हे ताट टाकून धावले, काकू किंचाळल्या, काकांनी तिचा फ्रॉक धरला. मी भात वाढत होते.

“अगं, तुझं लक्ष कुठे आहे? पाहिलं नाहीस?” हे मोठ्यानं म्हणाले.

“पाहिलं की,” मी म्हटलं. “अजून थोडा भात घ्या.”

“शाबास!” काकू छातीवर हात ठेवून हसल्या. “आता कुठे अमेरिकन आई झालीस.”

हे मात्र हसले नाहीत. रात्री मला हलवून विचारलं, “तू तिच्या नाकाशी बोट नाही धरलंस आज?” मी झोपेत होते. इतकी गाढ झोप मला लहानपणानंतर लागली नव्हती.

तेव्हापासून सगळं कसं हलकं आहे! सकाळी उठले की वाटतं, आज काहीतरी छान होणार. उत्तरावर माझं प्रेम कमी झालंय म्हणाल तर अजिबात नाही. तिच्याकडे बघत बसते. पडते तेव्हा बघते, रक्त येतं तेव्हा बघते. आत कुठे हलतं का, म्हणून थांबून वाट बघते. काही हलत नाही. स्वच्छ आहे सगळं. यांना ते सोसत नाही. दाराला वरती नवीन कडी लावलीय, लॅबमधून सारखे फोन करतात. “उत्तरा कुठेय?” “आहे इथेच.” “आवाज ऐकव तिचा.” आता हेच रात्री तिच्या नाकाशी बोट धरतात.

आज सकाळी ऊन इतकं सुंदर पडलं की मीच कडी काढून दार सताड उघडलं. उत्तरा पायरीवर बसून गाणं म्हणत होती. मग गाणं जिन्यात गेलं. मग खाली पार्किंग लॉटमध्ये. टेबल खिडकीपाशीच आहे, मला ऐकू येत होतं.

आता गाणं नाही. फोन वाजतोय, हेच असणार. एक गाडी करकचून थांबलीय आणि खाली कुणी बाई ओरडून विचारतेय, “हूज बेबी इज धिस? हूज बेबी?” पुन्हा पुन्हा तेच विचारतेय. किती कापतोय तिचा आवाज!

मला माहीत आहे कुणाचं ते. एवढं लिहून होऊ दे, जाते.